लेहहून आणलेल्या घंटेचा अर्थ कसा शोधावा

लडाख, सिक्कीम किंवा नेपाळला जाऊन आलेल्या मराठी घरांत आता काही वस्तू हमखास दिसतात. मोटरसायकलच्या हँडलला पाच रंगांच्या पताका, टीपॉयवर हातात धरून फिरवायचं मणिचक्र, शोकेसमध्ये पितळी वज्र आणि घंटा, दारासमोरच्या भिंतीवर तीन डोळ्यांचा, सुळे दाखवणारा लाकडी मुखवटा. पाहुण्यांनी ‘हे काय आहे?’ असं विचारलं की उत्तर बहुधा दुकानदाराचंच मिळतं: शुभ असतं, घरात ठेवलं की बरं असतं. एवढ्यावर ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. वस्तू ज्या लोकांची आहे त्यांच्या आयुष्यात ती काय काम करते, हे कसं शोधायचं ते मुख्यतः या हिमालयीन वस्तूंच्या आधाराने सांगते. पद्धत कळली की आफ्रिकेतल्या मूर्तीला किंवा आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या एखाद्या परक्या धर्माच्या वस्तूलाही ती लावता येईल.

सुरुवात एका सावधगिरीपासून करायला हवी, आणि ती खास आपल्यासाठी आहे. एखाद्या युरोपीय माणसाला वज्र पूर्णपणे अनोळखी वाटतं, म्हणून तो निदान विचारतो तरी. आपल्याला ते ओळखीचं वाटतं. वज्र म्हणजे इंद्राचं शस्त्र, हे लहानपणापासून ऐकलेलं. घंटा तर रोजच्या पूजेतली. मुखवट्याचं नाव महाकाल सांगितलं की उज्जैन आठवतं, तारा म्हटलं की देवी. मग ‘हे आपल्याकडचंच’ म्हणून आपण मोकळे होतो. त्यात खोटं फारसं नाही. या परंपरांची मुळं भारतातच आहेत. पण हजार-बाराशे वर्षं ती मुळं दुसऱ्या जमिनीत वाढलेली आहेत. आपल्या पूजेत घंटा डाव्या हातात असते, कारण उजवा हात आरती ओवाळण्यात गुंतलेला असतो. तिबेटी विधीतही घंटा डाव्याच हातात असते, पण तिथे उजव्या हातात वज्र असतं आणि ती जोडी आहे. घंटा म्हणजे प्रज्ञा, वज्र म्हणजे उपाय, करुणेने केलेली कृती. दोन्ही हात एकत्र चालले पाहिजेत, हे साधकाला त्या जोडीतून शिकवलं जातं. घंटेच्या मुठीवर अर्धं वज्र असतं आणि त्याखाली एका देवीचा चेहरा, ती प्रज्ञापारमिता. ‘आपल्याकडचंच’ म्हणणाऱ्याला हा चेहरा दिसतच नाही. म्हणून साम्य दिसलं की ते वहीत लिहून ठेवा, पण तिथे थांबू नका. साम्य ही शोधाची पहिली पायरी असते.

घाईने दिलेलं नाव किती चिवट असतं याचं एक उदाहरण आपल्या मराठवाड्याशी जोडलेलं आहे. १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ते शहर राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच भारतातून समुद्रापार पोचलेली होती. उत्खनन करणाऱ्या अमेदेओ मायुरी यांनी तिला लक्ष्मी म्हटलं. भारतीय, दागिन्यांनी मढलेली सुंदर स्त्री, तेव्हा लक्ष्मी असणार हा तर्क समजण्यासारखा आहे. पुढे अभ्यासकांनी नीट पाहिलं तेव्हा लक्ष्मीची ठरलेली लक्षणं तिच्यात जुळेनात; ती यक्षी असावी, असं मत पुढे आलं. तिच्या डोक्यातून उभं आरपार भोक आहे. याचा अर्थ ती पूजेची सुटी मूर्ती नसून कशाचा तरी भाग असावी: एखाद्या लाकडी आसनाचा पाय किंवा आरशाची मूठ. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे. आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी जवळचं नातं सांगणारी हस्तिदंती आकृती मिळाली. इतकं सगळं होऊनही नेपल्सच्या संग्रहालयातली ती मूर्ती आज ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणूनच ओळखली जाते. एका भोकाने जे सांगितलं ते नावाने झाकून टाकलं.

तेव्हा नाव शोधण्याच्या आधी वस्तू पाहा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेकजण इथेच घाई करतात. फोनवर फोटो काढून शोधायला बसण्याआधी निदान अर्धा तास वस्तूबरोबर बसा. लांबी-रुंदी मोजा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. समोरून, मागून, वरून, खालून फोटो काढा. खालचा आणि मागचा फोटो सर्वांत महत्त्वाचा, कारण वस्तू विकणारा पुढची बाजू सजवतो. कोरलेली अक्षरं पुसट असतील तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका बाजूने, अगदी तिरका धरा. सावल्या पडून अक्षरं उठून येतात. अक्षरांत खडू भरू नका. आणि कृपा करून पितांबरी किंवा चिंच लावून घासू नका. मुठीवरची झीज, कडेला साचलेली काजळी, तुपातेलाचा थर, धाग्याचा तुकडा हे सगळे पुरावे आहेत. कोणत्या जागी बोटं वर्षानुवर्षं पडली हे झिजेवरून कळतं आणि एकदा घासल्यावर ते कोणालाही परत आणता येत नाही.

मुखवटा असेल तर उलटा करा. लडाखमध्ये हेमिसच्या उत्सवात भिक्षू छम नृत्य करतात, त्यातले मुखवटे डोक्यावर चढवायचे असतात. त्यांना आतून कापडाची किंवा इतर कशाची गादी लागते, बांधायला सोय लागते, डोळ्यांपाशी किंवा तोंडापाशी पाहायला आरपार जागा लागते. ज्याच्या आत नुसतं खडबडीत लाकूड आहे आणि मागे खिळ्याला अडकवायची तार आहे, तो भिंतीसाठीच घडवलेला आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण ‘गोम्पातला (बौद्ध मठातला) जुना मुखवटा’ ही दुकानातली गोष्ट तिथेच संपते. आणि तो चेहरा राक्षसाचा नाही. महाकाल हा तिथे धर्मरक्षक आहे. त्याचा क्रोध साधकाच्या वाटेतल्या अडथळ्यांवर असतो. नजर लागू नये म्हणून दारावर टांगायच्या मुखवट्याशी त्याची गल्लत आपल्याकडे सर्रास होते.

थांगका, म्हणजे कापडावरचं गुंडाळता येणारं चित्र असेल तर तेही उलटून पाहा. पुढच्या देवतेचं कपाळ, कंठ आणि हृदय जिथे येतं, बरोबर त्याच्या मागे तीन अक्षरं लिहिलेली असू शकतात: ॐ, आः, हूँ. ही अक्षरं प्राणप्रतिष्ठेशी जोडलेली आहेत. ती असतील तर तुमच्या भिंतीवर नुसतं चित्र नाही, कोणासाठी तरी ते पूजास्थान होतं किंवा तशा हेतूने केलेलं होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘खरं’ म्हणजे ‘जुनं’ असं आपण धरून चालतो. काठमांडूजवळच्या पाटणमध्ये नेवार कारागीर आजही मेणाचा नमुना करून धातूच्या मूर्ती ओततात. गेल्या वर्षी तिथे घडलेली घंटा एखाद्या भिक्षूच्या हातात रोज वाजत असेल तर ती पूर्णपणे खरी आहे. उलट दोनशे वर्षांपूर्वीची घंटा काचेच्या कपाटात पडून असेल तर तिचं वय मोठं आहे, एवढंच म्हणता येईल. वय आणि वापर हे दोन वेगळे शोध आहेत. वयाचा नाद बाजाराने लावलेला आहे.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकजण विचारतात, ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न इतका मोठा आणि मोघम आहे की समोरचा माणूस गडबडतो, नाहीतर ऐकणाऱ्याला आवडेल असं काहीतरी सुंदर सांगून मोकळा होतो. त्याऐवजी वापर विचारा. ही वस्तू कोण हातात घेतं? कोणत्या हातात? वर्षातून कधी बाहेर निघते? तिच्या शेजारी आणखी काय मांडतात? काम झाल्यावर कुठे ठेवतात, जमिनीवर चालते का? कोणी तिला हात लावायचा नसतो? ती मोडली तर काय करतात? यातल्या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी अर्थ बराचसा आपोआप उलगडतो, आणि शेवटच्या प्रश्नाने तर फार काही कळतं. जी वस्तू मोडल्यावर भंगारात जाते आणि जी विधिपूर्वक जाळली किंवा विसर्जित केली जाते, त्या दोन वस्तूंचं स्थान एक नसतं.

हे आपल्याच घरातल्या वस्तूवर ताडून पाहा. परदेशी संग्रहालयांच्या कपाटांत खंडोबाचे टाक आहेत. खाली पाटी असते: धातूचा पत्रा, घोड्यावर बसलेला खंडोबा, पश्चिम भारत, अमुक शतक. यात चुकीचं काही नाही. पण हा टाक देवघरात इतर टाकांबरोबर बसतो, त्याला जेजुरीला नेऊन देवाची भेट घडवतात, भाऊ वेगळे झाले की नव्या घरासाठी नवे टाक घडवले जातात, यातलं एकही त्या पाटीवर नाही. घराण्याचं घराणेपण त्या छोट्या पत्र्यात कसं सामावतं, हे धातू आणि शतक सांगून कळत नाही. लेहच्या दुकानातल्या वस्तूबद्दल आपण जे वाचतो ते पुष्कळदा त्या पाटीइतकंच असतं, हे लक्षात ठेवलं तर आपण आणखी विचारू लागतो.

वापर कळला नाही तर आकार किती चकवतो, याची दोन उदाहरणं देते. ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये चांदीची वीतभर लांब काडी असते. तिच्या टोकाला इवलासा हात, त्याची तर्जनी पुढे केलेली. नुसती वस्तू पाहिली तर कोणी तिला ताईत म्हणेल, कोणी जादूची कांडी. तिचं काम साधं आहे. तोरा या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी वाचताना चर्मपत्राला बोट लावायचं नसतं, म्हणून वाचणारा या हाताने ओळ दाखवत जातो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची सिनेगॉग आपल्या शेजारीच आहेत. मुंबईत मांडवीचं शाआर हारहमीम १७९६ सालचं. पूर्वपरवानगी घेऊन गेलं तर अशा गोष्टी मराठीत समजावून सांगणारी माणसं तिथे भेटू शकतात. दुसरं उदाहरण मध्य आफ्रिकेतल्या कोंगो लोकांचं. त्यांच्या लाकडी मूर्ती अंगभर खिळे आणि पाती ठोकलेल्या असतात. त्या पाहून युरोपीय मिशनऱ्यांनी काळ्या जादूचा निष्कर्ष काढला आणि सिनेमांनी तो जगभर पसरवला. प्रत्यक्षात त्या मूर्तीसमोर शपथा घेतल्या जात, भांडणं मिटवली जात, करार केले जात, आणि पातं ठोकणं म्हणजे त्या शक्तीला साक्षीला उभं करणं. शपथ मोडणाऱ्याला तिने शासन करावं, ही अपेक्षा. ज्याला आपण क्रौर्य समजलो तो एका अर्थी न्यायव्यवस्थेचा भाग होता.

मग विचारायचं कोणाला? तुमच्या शहरात हिवाळ्यात स्वेटर विकायला तिबेटी कुटुंबं येतात, तिथून सुरुवात करता येते, मात्र त्यांच्या धंद्याच्या गर्दीच्या वेळी नाही, आणि एखादं स्वेटर घेऊन. आपल्या राज्यातच, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. हे पुण्या-मुंबईच्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. एका माणसाला विचारून थांबू नका. घरात रोज मणिचक्र फिरवणाऱ्या आजी, विधी शिकलेला भिक्षू आणि ती वस्तू घडवणारा कारागीर हे तिघं तीन वेगळी उत्तरं देतील. आजी म्हणतील, पुण्य लागतं. भिक्षू सांगेल की आत कागदावर मंत्र हजारो वेळा छापून गुंडाळलेला आहे आणि चक्र घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरलं की तो म्हटल्यासारखाच होतो. कारागीर कण्याबद्दल आणि लोलकाच्या वजनाबद्दल बोलेल. यातलं कोणतंही उत्तर दुसऱ्याला खोडत नाही. ‘आमच्याकडे पूर्वापार असंच करतात’ हेही उत्तर आहे, तेही लिहून घ्या.

योग्य परंपरेच्या माणसाला विचारणं मात्र फार महत्त्वाचं. नागपूरचं एखादं बौद्ध कुटुंब १९५६ च्या धम्मदीक्षेची परंपरा जगतं. बाबासाहेबांनी मांडलेल्या धम्मात वज्र-घंटेच्या तांत्रिक विधींना स्थान नाही. ‘तुम्ही बौद्ध, मग हे सांगा’ असं त्यांना विचारणं म्हणजे दोन्ही परंपरांवर अन्याय. तसंच तिबेटी म्हणजे बौद्धच, असंही नाही. तिबेटातले बोन धर्माचे लोक चक्र आणि प्रदक्षिणा उलट्या दिशेने फिरवतात, आणि त्यांचं स्वस्तिकही डावीकडे वळलेलं असतं. तुमच्या वस्तूवर तसं स्वस्तिक दिसलं तर ती चूक समजू नका. जपानच्या नकाशांवरही बौद्ध मंदिराची खूण म्हणून डावं स्वस्तिक छापलेलं असतं.

पुस्तकं आणि इंटरनेट यांची पाळी यानंतर येते. हिमालयीन वस्तूंच्या चिन्हांसाठी रॉबर्ट बीअर यांचा १९९९ मध्ये आलेला चिन्हकोश फार उपयोगी आहे. बीअर स्वतः थांगका रंगवायला शिकलेले असल्याने रेषान् रेष ओळखतात. चित्र-मूर्ती ताडून पाहायला ‘हिमालयन आर्ट रिसोर्सेस’ हा हजारो चित्रांचा संग्रह संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. धर्मशाळेत १९७० साली स्थापन झालेलं तिबेटी ग्रंथालय आणि गंगटोकची नामग्याल संस्था ही प्रत्यक्ष जाण्याची ठिकाणं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हिमालयीन कलेचं दालन आहे. तिथे आपल्या वस्तूचे फोटो घेऊन जा आणि काचेमागच्या वस्तूंशी शांतपणे ताडून पाहा. पारशी वस्तूंसाठी मुंबईची कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, ख्रिस्ती वस्तूंसाठी जुन्या गोव्यातलं ख्रिस्ती कला संग्रहालय. मोठ्या संग्रहालयांच्या सूचीत वस्तू मिळाली तर वर्णनाआधी ती तिथे कधी आणि कोणाकडून आली ते वाचा. १८९० साली एखाद्या लष्करी मोहिमेतून आलेली वस्तू आणि १९८० साली दुकानातून घेतलेली वस्तू यांच्या वर्णनाला सारखं वजन देता येत नाही.

जुन्या इंग्रजी ग्रंथांबद्दल एक सूचना. एल. ए. वॅडेल यांचं तिबेटी बौद्ध धर्मावरचं १८९५ सालचं पुस्तक आजही उद्धृत होतं. त्यात त्या धर्माबद्दल उघड तुच्छता आहे, आणि त्याच पानांवर विधींची, साहित्याची, मांडणीची बारीक नोंदही आहे. अशा पुस्तकांतून काय पाहिलं ते घ्यावं आणि काय वाटलं ते बाजूला ठेवावं.

फोटोवरून शोध घेणारी साधनं सारखेपणा दाखवतात. पाच पाकळ्यांच्या वज्रासारखी दिसणारी शंभर वज्रं ती आणून देतील, त्यातली ऐंशी विक्रीची असतील आणि प्रत्येकाखाली जवळपास तोच मजकूर असेल. दहा ठिकाणी वाचलं म्हणून ते दहा पुरावे होत नाहीत. दहांनी एकमेकांकडून उतरवलेलं असू शकतं. म्हणून कोणताही दावा मागे मागे नेत त्याचा उगम शोधायचा. ‘तिबेटी सिंगिंग बोल’ हे याचं उत्तम उदाहरण. काठीने कड घासली की घुमणारी ही वाटी हजारो वर्षं तिबेटी मठांत ध्यानासाठी वापरली जाते, ती सात ग्रहांच्या सात धातूंची असते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मागे जात गेलात तर वाट १९७२ साली निघालेल्या ‘तिबेटन बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेपाशी पोचते. हेन्री वोल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांच्या त्या ध्वनिमुद्रिकेने हा नाद पाश्चात्य जगात पोचवला. त्याआधीच्या तिबेटी विधींच्या वर्णनांत घंटा आहे, झांजा आहेत, कर्णे आहेत, ढोल आहेत; घासून वाजवायच्या वाटीचा पक्का पुरावा मिळत नाही. धातू तपासला तर तो मुख्यतः तांबं आणि कथील, म्हणजे आपलं कासं निघतं. कोणाला त्या नादाने शांत वाटत असेल तर त्याने जरूर वाजवावी. फक्त तिच्या अर्थाच्या नोंदीत ‘गेल्या पन्नास वर्षांत रुजलेला वापर’ असं लिहावं. नवा अर्थही अर्थच असतो, त्याची तारीख तेवढी खरी हवी.

यासाठी वहीत तीन रकाने करा. पहिल्यात मी स्वतः काय पाहिलं. दुसऱ्यात कोणी काय सांगितलं किंवा कुठे वाचलं, नाव आणि तारखेसह. तिसऱ्यात माझा अंदाज. पुढे वाचताना हे तीन एकमेकांत मिसळायचा मोह होतो. मिसळले की आपण तयार केलेली गोष्ट आपल्यालाच पुरावा वाटू लागते.

वस्तूचे मालक बदलले की अर्थही बदलतो, आणि त्या वेळी कोणता अर्थ खरा म्हणायचा हा प्रश्न येतो. याचं उत्तर आपल्या देवळांत टांगलेलं आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या मोहिमेतून आलेल्या चर्चच्या घंटा पेशवाईतल्या सरदारांनी ठिकठिकाणी देवांना वाहिल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तर प्रसिद्धच. या घंटांवर क्रूस, येशूमाता किंवा रोमन अक्षरं अशा ख्रिस्ती खुणा आढळतात. चर्चमध्ये अशी घंटा वापरात घेण्याआधी धर्मगुरू तिला आशीर्वाद देत. ती उंच मनोऱ्यात टांगलेली असे आणि गावाला प्रार्थनेची, मृत्यूची, संकटाची वेळ कळवत असे. देवळात आल्यावर ती विजयाची खूण झाली आणि देवाला वाहिलेली वस्तूही झाली. मेणवलीला फोटो काढणाऱ्या पर्यटकासाठी ती इतिहासाची वस्तू आहे. अशा वस्तूसमोर एकच अर्थ निवडायला बसू नका. प्रत्येक अर्थापुढे तो कोणाचा आणि कधीचा हे लिहा. वसईच्या आजच्या ख्रिस्ती माणसाला त्या घंटेकडे पाहून काय वाटतं, हा प्रश्नही त्या यादीत असायला हवा. तो बहुतेक लेखांत नसतो.

काही ठिकाणी शोध थांबवावा लागतो आणि ते शोधाचंच अंग आहे. तिबेटी धातुमूर्तीच्या तळाला बहुधा पत्रा बसवलेला असतो, त्यावर एकमेकांना छेदणारी दोन वज्रं कोरलेली असतात. आत मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, कधी पवित्र अवशेष भरलेले असतात. आत काय आहे या उत्सुकतेने तो पत्रा उचकटणं म्हणजे प्रतिष्ठा मोडणं. पुष्कळ विक्रेत्यांनी हे केलेलं आहे. तुम्ही करू नका. काही विधी दीक्षा घेतलेल्यांपुरतेच असतात. भिक्षूने हसून विषय बदलला तर तिथे पुन्हा विचारू नये. अमेरिकेतल्या झुनी लोकांचं म्हणणं या बाबतीत ऐकण्यासारखं आहे. अहायुदा या त्यांच्या लाकडी युद्धदेवता उघड्या देवस्थानात ठेवायच्या असतात आणि ऊन-पावसात त्यांनी हळूहळू झिजून मातीत मिसळायचं असतं. संग्रहालयांनी त्या नेऊन, औषधं लावून जपल्या. १९७८ पासून झुनींनी त्या परत मागायला सुरुवात केली. संग्रहालयांनी जिवापाड जपलं, आणि जपण्यानेच त्यांचं काम थांबलं होतं.

खरेदीचा भागही यात येतो. मानवी कवटीची वाटी किंवा मांडीच्या हाडाचा कर्णा दुकानात ‘दुर्मीळ’ म्हणून दाखवला तर घेऊ नका, विधीत त्यांचं स्थान कितीही खरं असलं तरी. ते माणसाचे अवशेष आहेत. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात; त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. नेपाळमधून जुन्यासारखी दिसणारी मूर्ती आणायची असेल तर तिथल्या पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो. दुकानदार ‘काही लागत नाही’ म्हणाला तर तिथून निघावं. नेपाळातून देवळांतल्या मूर्ती मोठ्या प्रमाणावर चोरीला गेल्या. लैनसिंह बांगदेल यांनी १९८९ मध्ये ‘स्टोलन इमेजेस ऑफ नेपाल’ या पुस्तकात अशा मूर्तींचे, त्या जागेवर असतानाचे फोटो छापले, आणि पुढे परदेशांतून काही मूर्ती परत मिळवताना तेच फोटो पुरावा ठरले. तुमच्या घरात वारशाने आलेली जुनी दगडी किंवा धातूची हिमालयीन मूर्ती असेल तर ते पुस्तक एकदा चाळावं.

राहिल्या त्या मोटरसायकलवरच्या पताका. निळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा हा त्यांचा क्रम आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी यांचा असतो, म्हणून मधला रंग तुटला तर इकडचा तुकडा तिकडे बांधू नये. मधोमध पाठीवर रत्न घेतलेला घोडा छापलेला असतो, त्याच्याभोवती मंत्र. वारा लागला की प्रार्थना सगळीकडे पोचते अशी श्रद्धा आहे, त्यामुळे त्या उंचावर आणि मोकळ्यावर बांधतात. चाकाजवळ, चिखल उडेल अशा ठिकाणी बांधू नका, जमिनीवर टाकू नका. उन्हाने रंग उडणं, कडा विरणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पार झिजल्यावर कचऱ्याच्या डब्यात न घालता जाळायच्या असतात. घरी करणं बरं वाटत नसेल तर पुढच्या वेळी लडाखला जाताना बरोबर न्या आणि एखाद्या गोम्पात द्या.